आपांच्या गळ्यातले आवाज

कामावरच्या पहिल्या दिवशी आपा मला दिसायच्या आधी ऐकू आल्या, आणि जे ऐकू आलं ते आपांचं नव्हतं.

यवतमाळात एका बंद पडलेल्या खाजगी दवाखान्याची इमारत आमच्या संस्थेनं भाड्यानं घेतली होती. बाहेर 'कुटुंब समुपदेशन केंद्र' अशी पाटी, मग लांब व्हरांडा, आणि अगदी शेवटी पूर्वीची एक्स-रेची खोली. तिला खिडकी नव्हती. दाराला आतून शिशाचा पत्रा मारलेला होता आणि दारावर लाल दिवा होता. आत कोणी असलं की तो लागायचा. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. वडील जिल्हा परिषदेत कारकून, घरातलं सगळं सरळ रेषेतलं. त्या दिवशी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते आणि दार जरासं किलकिलं राहिलं होतं. आत एक म्हातारी कोणाला तरी टाकून बोलत होती. मग एका तरुण माणसाचा, रडवेला झालेला आवाज. मग पुन्हा म्हातारी. मधेच एक बाई हळू काहीतरी म्हणायची आणि दोघंही गप्प व्हायचे.

वीस मिनिटांनी दिवा विझला. एकट्या आपा बाहेर आल्या. उंच, कृश, फिक्या हिरव्या सलवार-कमीजवर डोक्यावरून पांढरी ओढणी, हातात पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट. चालताना पावलाचा आवाज म्हणून येत नसे.

मी त्यांच्या मागे पाहत राहिले. कोणीच बाहेर येईना.

"बाकीचे?" मी विचारलं.

"ते उद्या येतीन," आपा म्हणाल्या. "आज मी त्यायचं भांडण करून पाह्यत होती. कुठं अडकते ते आधी समजाले पाह्यजे ना."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून आले. बाकावर बसल्या बसल्या म्हातारीनं तोंड उघडलं. तो आवाज मी काल ऐकला होता. घशातली घरघर होती, प्रत्येक वाक्याच्या शेवटी लागणारी धाप होती. आपांनी त्या म्हातारीला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. सून दोनदा एकटी येऊन गेली होती, एवढंच.

आपा मूळच्या नेरच्या. वडील ऑइल इंजिनं आणि मोटारपंप दुरुस्त करायचे, पुढं भावानं तेच दुकान चालवलं. आपांनी लग्न केलं नाही. नागपुरात समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, काही वर्षं कोर्टातल्या तडजोडीच्या कामात काढली आणि मग आमच्या केंद्रात आल्या. खोलीत पंखा लावायच्या नाहीत. ऐन मे महिन्यातही नाही. म्हणायच्या, पंखा माणसाच्या बोलण्यातला श्वास खाऊन टाकते. तोंडात सतत ज्येष्ठमधाची काडी. कोणी आत यायच्या आधी हातातलं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायच्या. बैठक चालू असताना एक अक्षर लिहायच्या नाहीत. लोक गेले की मला समोर बसवायच्या आणि सगळं सांगायच्या. नव्हे, करून दाखवायच्या. नवरा, बायको, सासरा, दीर, ज्याचं वाक्य त्याच्या आवाजात. मी कागदावर उतरवून घेत असे. सुरुवातीला मी नावं विचारायची. पुढं पुढं गरज राहिली नाही.

पण त्यांचं खरं काम आवाज काढणं नव्हतं. त्या माणसांना भांडायला शिकवायच्या.

"लोक भांडतात म्हणून माह्याकडं येत नाईत," त्या म्हणायच्या. "त्यायले भांडता येत नाई म्हणून येतात."

शिकवणं मात्र अगदी साधं होतं. 'तू'नं सुरू झालेलं वाक्य त्या मधेच तोडायच्या. "'तू अशी हायेस' नोको. 'मले'नं सुरू कर. मले राग आला, मले भेव वाटलं, मले कोणी विचारलं नाई." आमच्याकडच्या पुरुषांना हे 'मले' फार जड जायचं. एकेक जण घामाघूम होई. मग दुसरी गोष्ट. उत्तर देण्याआधी समोरचा काय म्हणाला ते त्याला म्हणून दाखवायचं, आणि तो 'हो, असंच' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचं. काही जोडपी या एका पायरीवर दोन-दोन आठवडे अडकायची, कारण ऐकलेलंच नसायचं. तिसरी, एका दिवशी एकच भांडण. आजच्या भाजीच्या भांडणात लग्नातला आहेर आला की आपा टेबलावर टिचकी मारायच्या. आणि सगळ्यात शेवटी खुर्च्यांची अदलाबदल. नवऱ्यानं बायकोच्या खुर्चीत बसून बायकोचं भांडण भांडायचं, बायकोनं नवऱ्याचं.

राजूरची एक बाई यायची. नवरा कोळशाच्या खाणीत होता आणि यायला तयार नव्हता. मग सरावासाठी आपा तिच्यापुढं तिचा नवरा व्हायच्या. दुसऱ्या आठवड्यात आपांच्या त्या आवाजात एक खरखर आली. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक वाक्याला 'समजलं का' अशी शेपटी लागली. पाचव्या आठवड्यात तो माणूस स्वतःच उगवला, तणतणत. नखांत कोळसा. मी फॉर्म घेऊन आत गेले तेव्हा तो आपांना म्हणत होता, "माह्या घरातली गोष्ट अशी खणून बाहेर काहून काढता तुम्ही? समजलं का?"

हे वाक्य मी दोन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. शब्दाला शब्द. मी फॉर्म टेबलावर टाकला आणि व्हरांड्यात येऊन बसले.

त्या माणसाचं पुढं बरं झालं. आपांनी त्याला त्याचाच आवाज ऐकवला तेव्हा तो पांढराफटक पडला. "मी असा बोलतो?" एवढंच म्हणाला. नंतर बायकोच्या खुर्चीत बसवलं तेव्हा बायकोच्या जागेवरून म्हणाला, "मले तुमच्या चपलेच्या आवाजाचं भेव वाटते." बायकोनं तोंडावर पदर घेतला. तिनं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी त्याला ते माहीत होतं.

ते गेल्यावर मी आपांना विचारलं, "तुम्हाला त्याचं वाक्य आधी कसं कळलं?"

"ती बाई त्याले संग घेऊनच येत होती," आपा म्हणाल्या. "नऊ वर्षं एका खोलीत राह्यलं का माणूस दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन बसते बेटा. मी फक्त बाहेर बोलावते त्याले."

"आणि मग वापस?"

"वापस जाते तो." त्यांनी ज्येष्ठमधाची काडी दुसऱ्या गालात सरकवली. "आतापर्यंत तर गेले."

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरगावचे लोक येऊन त्यावर मोठमोठं बोलायचे; आमच्याकडे माणसं एकच शब्द वापरायची. 'त्यायच्या घरी झालं.' काय झालं, हे विचारायची रीत नव्हती. कोणी आपल्याच हातानं गेलं, कोणी धसक्यानं, कोणी अपघातात. सगळ्यांना एकच 'झालं' पुरायचं. आमच्या बाकावर आता अशी माणसं जास्त यायला लागली, ज्यांचं भांडण ज्याच्याशी होतं तो माणूसच उरला नव्हता. त्यांना खुर्ची बदलता येत नव्हती. समोरची खुर्ची रिकामी.

अशांना आपा तासन् तास ऐकायच्या, पण गेलेल्याचा आवाज कधी काढायच्या नाहीत. कोणी पाया पडलं तरी नाही. एकदा मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जित्या माणसाचा आवाज मी त्याले वापस करू शकते. मेलेल्याचा कोणाले वापस करू?"

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

बोरी अरबच्या पुढच्या एका खेड्यातून अंगणवाडीची बाई तिघींना घेऊन आली. सासू, सून आणि पाच वर्षांची नात. सासूचा मुलगा मालवाहू गाडी चालवायचा, हंगामात जिनिंग कारखान्यात कापूस नेऊन टाकायचा. अकरा महिन्यांपूर्वी भरलेली गाडी पुलाजवळ उलटली आणि तो गेला. त्या दिवशी सकाळी घरात भांडण झालं होतं. सून माहेरी जायचं म्हणत होती, सासू नाही म्हणत होती, तो मधे. शेवटी तो डबा न घेताच निघून गेला. सासूचं म्हणणं, हिनं डबा दिला नाही, माझं लेकरू उपाशी गेलं, त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सुनेचं म्हणणं, यांनी सकाळी सकाळी त्याचं डोकं खाल्लं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. एकच चूल, एकच मोरी, एकच दार. जे काय सांगायचं ते पोरीच्या तोंडून. 'आजीले सांग, पाणी तापलं.' 'मायले सांग, दळण आणलं.'

अंगणवाडीची बाई मात्र सासू-सुनेसाठी आली नव्हती. पोरीसाठी आली होती. आजीचा निरोप आईला सांगताना ती कमरेत वाकायची आणि आजीच्या चिरक्या आवाजात बोलायची. आईचा निरोप आजीला सांगताना डोक्यावर नसलेला पदर ओढायची आणि आईच्या आवाजात बोलायची. गाव आधी हसलं. मग हसायचं थांबलं. कारण पोरगी आता दुसरं काही बोलतच नव्हती.

आपा खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "तुहं नाव काय वं?"

पोरीनं आईकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. मग अगदी हळू, सपाट स्वरात विचारलं, "कोणाच्या आवाजात सांगू?"

आपांनी तिघींना पुढच्या मंगळवारची वेळ दिली आणि त्या गेल्यावर व्हरांड्याचा खांब धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. माणसाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट करून न दाखवता त्या गप्प राहिल्या, असा तो पहिलाच दिवस.

चार मंगळवार काही घडलं नाही. पोरीकडं लक्ष ठेवायला आपांनी या वेळी मलाही आत बसवलं होतं. 'मले'नं सुरू करा म्हटलं की दोघी आपांकडं पाहून सुरू करायच्या आणि शेवट 'तिले सांगा' असा करायच्या. खुर्च्या बदलायच्या म्हटलं तर सासू उठून उभी राहायची. "तिच्या जागी मी कायले बसू? मी नाई तिच्यासारखी." पाचव्या मंगळवारी सासू थकल्यासारखी म्हणाली, "तो असता तर त्यानंच सांगतलं असतं, कोणाचं चुकलं."

"हो, त्यालेच इचारा," सून म्हणाली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोघी एका गोष्टीवर एक झाल्या होत्या. आणि दोघींनी एकाच वेळी आपांकडं पाहिलं. चार आठवड्यांत आपांनी त्या दोघींचेही आवाज काढून दाखवले होते. आपांना काय येतं, ते त्यांना ठाऊक झालं होतं.

"नाई," आपा म्हणाल्या. "ते मी करत नाई."

सासूनं हात जोडले. सुनेनं आपांच्या बुटांना हात लावला. आपा मान हलवत राहिल्या. तेव्हा कोपऱ्यात बसलेली पोरगी उठली, आपांच्या गुडघ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबाचा मले नाई जमत."

तो आवाज तिचा होता की काय, मला आजही सांगता येणार नाही. पण आजीचा नव्हता, आईचाही नव्हता.

आपांनी डोळे मिटले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर कागद घेऊन बसले होते आणि, का कोण जाणे, मी मान खाली घातली. त्यामुळं आपांचं तोंड मला दिसलं नाही. मला फक्त ऐकू आलं. आधी जीभ टाळ्याला लावून सोडल्याचा 'टक्' असा आवाज. मग एका तरुण, दमलेल्या माणसाचा, जरा हसरा स्वर.

"बुढे, डबा मीच इसरलो वं. तिच्यावर नोको जाऊ."

एवढंच. सासूनं दोन्ही कान दाबून धरले. सून उठून उभी राहिली आणि तिनं पदर नीट केला, दारात माणूस आल्यावर करतात तसा. पोरगी आपांकडं पाहतच नव्हती. ती दाराकडं पाहत होती.

त्या दोघी त्या दिवशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. निघताना सासूनं मला व्हरांड्यात धरलं. "तो बोलाच्या आंधी जीभ वाजवे," ती म्हणाली. "हे तुमाले कोणं सांगतलं?"

मी घरी जाऊन पाचही मंगळवारचे कागद वाचून काढले. कोणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा आल्या. एसटीत एका सीटवर बसून आल्या, बोलत बोलत आल्या. मला वाटलं, आभार मानायला आल्या असतील. सासूनं पिशवीतून डबा काढला आणि आपांच्या टेबलावर ठेवला. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी, ताजी, अजून कोमट.

"त्याले द्याले," ती म्हणाली.

आणि त्यांच्या मागे व्हरांड्यात त्यांच्या गावचे आठ-नऊ लोक बसले होते. कोणाच्या हातात फोटो, कोणाच्या हातात घडी केलेला सदरा. एका म्हाताऱ्यानं एक चप्पल आणली होती, बाईची, एकाच पायाची. कोणी बोलत नव्हतं. सगळे दारावरच्या लाल दिव्याकडं पाहत होते.

आपांनी त्यांना बाहेर बसायला सांगून आतून कडी लावून घेतली. मी दार वाजवत राहिले तेव्हा बऱ्याच वेळानं उघडलं.

"मी त्यायचं भांडण मिटवलं नाई," त्या म्हणाल्या. "चोरलं मी ते. त्या दोघींनी करायचं होतं, मीच करून टाकलं. आता ते माह्यापाशी हाये." आणि वाक्य संपता संपता त्यांची जीभ टाळ्याला लागली. टक्. आम्ही दोघींनी ऐकलं. आपांनी ओढणी तोंडावर धरली.

गर्दी दर मंगळवारी वाढत गेली. नेरकडून, दारव्ह्याकडून, कुठून कुठून माणसं यायची. त्यांना मी समजावून सांगायची, की इथं असलं काही होत नाही. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि बसून राहायचे. दुपारचं ऊन व्हरांड्यात यायचं, तरी सावलीला सरकायचे नाहीत, नंबर जाईल म्हणून. कोणाचा राग नव्हता, आरडाओरडा नव्हता. तेच जास्त भयंकर वाटायचं. इतकी माणसं, आणि एवढी शांतता.

चौथ्या मंगळवारी आपा खोलीतून बाहेर आल्या. आवाज बसलेला होता, घोगरा, कोणाचाच नाही असा.

"मी कोणाचाच आवाज काढणार नाई," त्या म्हणाल्या. "पण ज्याचं भांडण अर्धं राह्यलं, त्यानं ते पुरं करा. माह्यासंग नाई. शेजारच्यासंग."

लोकांना कळेना. मग त्यांनी चप्पल घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला हाताला धरून उठवलं. त्याची मुलगी गेली होती. त्याला एका तरुण बाईसमोर बसवलं, जिचा बाप गेला होता. "बाबा, ही तुमची पोरगी नाई. पण ही कोणाची तरी पोरगी हाये. तुमाले तिले जे सांगाचं होतं ते हिले सांगा. ही काय समजली ते तुमाले म्हणून दाखवीन. मंग ही तिच्या बापाशी भांडन, अन् तुम्ही ऐकान."

काही जण शिव्या देत उठून गेले. एका माणसानं फोटो आपांच्या पायावर आपटला, काच फुटली. पण म्हातारा बसला. चप्पल मांडीवर ठेवून एकदम म्हणाला, "मले तुहा राग आलता. मी दार नाई उघडलं." समोरची बाई पुढं सरकली. तिनं ते त्याला म्हणून दाखवलं. "तुमाले माहा राग आलता. तुम्ही दार नाई उघडलं. असंच ना?" म्हातारा म्हणाला, "हो. असंच."

हळूहळू दुसरे बसले. अनोळखी माणसं जोडीजोडीनं समोरासमोर, खालच्या आवाजात भांडत होती. कोणी कोणाचा बाप, कोणी कोणाची बायको. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्या कुजबुजीत मला कधी कधी वाटायचं, बसलेल्या माणसांपेक्षा आवाज जास्त आहेत. मोजायचं धाडस मला झालं नाही.

त्याच दिवशी आपांनी सासू-सुनेला आणि पोरीला आत घेतलं. सासू दर मंगळवारी आणून ठेवायची तो डबा टेबलावरून उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "हा घेऊन जा. आज खुर्च्या बदला."

सासू या वेळी नाही म्हणाली नाही. ती सुनेच्या खुर्चीत बसली, मांडीवर डबा. आपा म्हणाल्या, "तुम्ही सून व्हा. त्या दिवशीची सकाळ. बोला."

सासू डब्याकडं पाहत राहिली. मग तिच्या तोंडून एकेक शब्द येऊ लागला. "मले... राग होता. पण मी डबा भरला होता. हातात घेऊन दाराशी उभी होती. तो गाडीपाशी गेला. मले वाटलं, तो डबा मागन. त्यानं मागतला नाई. मी दिला नाई. गाडी गेली, तरी मी डबा घेऊन उभीच होती."

सून सासूच्या खुर्चीत दगडासारखी बसली होती.

"तुमाले कसं माहीत?" तिनं विचारलं. थेट तिलाच विचारलं, पोरीला नाही.

"मी पाह्यलं होतं," सासू म्हणाली, आता आपल्या स्वतःच्या आवाजात. "मी मोरीतून पाह्यत होती. सारं पाह्यलं होतं मी. तुहा डबा भरलेला होता, हे मले पह्यल्या दिवसापासून माहीत हाये."

सुनेनं खुर्ची सासूकडं वळवली. "तुमाले माहीत होतं, अन् तुम्ही गावाले सांगतलं का मी त्याले उपाशी धाडलं. असंच ना?"

"हो," म्हातारी म्हणाली. "असंच."

या वेळी कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. सून उठून भिंतीशी गेली, पाठ करून उभी राहिली. नंतर वळून म्हणाली, "मले तुमचा लय राग हाये." सासूनं ते तिला म्हणून दाखवलं. मग सून म्हणाली, "अन् मले अजून राह्यन तो राग." सासूनं तेही म्हणून दाखवलं. असं तासभर चाललं. त्या तासात आपा काही बोलल्या नाहीत. मेलेल्या माणसाचा आवाज आला नाही. कोणी मागितलाही नाही.

शेवटी सासू उठली आणि म्हणाली, "चाल, बस निंघून जाईन." पोरीनं सवयीनं आईकडं वळून कंबर वाकवली, तोंड उघडलं. पण आई आधीच चालायला लागली होती. पोरगी तशीच क्षणभर तोंड उघडं ठेवून उभी राहिली, आणि मग धावत त्यांच्या मागे गेली.

पुढं वर्षभरानं अंगणवाडीची बाई भेटली तेव्हा कळलं, दोघी अजूनही भांडतात, पण समोरासमोर. पोरगी शाळेत जाते. बोलते कमी, पण आपलं बोलते. सुनेला दुसरं स्थळ आलं तेव्हा ते पाहायला सासूच गेली होती.

आपांचं मात्र तिथून बिनसलं. कोणीतरी संस्थेकडं तक्रार केली, की समुपदेशनाच्या नावाखाली मेलेल्यांना बोलावतात. वरून दोन जण चौकशीला आले. आपांना विचारलं, तर त्यांनी एकच सांगितलं, "एकदा केलं. चुकलं माहं." मग मला बोलावलं. त्या दिवशी खोलीत तुम्ही काय ऐकलं?

माझी नोकरी कच्ची होती. ऐकलं म्हणावं तर मीही वेडी ठरणार होते. मी म्हणाले, "मी त्या दिवशी खोलीत नव्हते."

आपा समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातातलं घड्याळ काढलं, खिशात टाकलं. आठवड्याभरानं त्या नेरला निघून गेल्या. मंगळवारचे लोक काही महिने येत राहिले, आपसात बसत, उठून जात. मग संस्थेनं इमारतच सोडली.

मी नेरला गेले ते सात-आठ वर्षांनी. बसस्टँडवरून चालत जाताना दोनदा मागे फिरावंसं वाटलं. भावाचं दुकान तसंच होतं, खाली उघडी पडलेली इंजिनं, वर घर. भावजयीनं चहा केला आणि मला स्वयंपाकघरातच बसवून घेतलं. आपा आता फारसं बोलत नाहीत, म्हणाली. मग आवाज खाली आणून सांगितलं, की लहानपणी या घरात आपांचे अब्बा आणि अम्मी आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. "दोनों की तरफ से ये ही बोलती थी, इतनी सी थी तब. अम्मी के इंतकाल तक ये ही बोली."

आपा मागच्या गच्चीवर होत्या. केस पांढरे, हात मांडीवर. मी त्यांच्यासमोर बसले आणि सात-आठ वर्षं घोकलेलं बोलले. मला भीती वाटली होती. मी खोटं बोलले. मी खोलीत होते, मी ऐकलं होतं. त्या ऐकत राहिल्या. खाली दुकानात भाऊ कुठलंसं इंजिन चालू करायचा प्रयत्न करत होता. ते धापा टाकायचं आणि बंद पडायचं.

"मले माहीत होतं बेटा," त्या म्हणाल्या. "मले राग नोता. मले तर बरं वाटलं, का तू त्याच्यातून वाचली."

ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरलं. आपांनी डोकं जरा कलतं केलं.

"एक इचारू तुले? तू माह्यासंग तीन वर्षं होती. लोकायचे सोड. माहा आवाज कसा होता?"

मी आठवायला गेले. म्हातारी आठवली, खाणीतला माणूस आठवला, रडवेली सून आठवली, तो हसरा दमलेला स्वरही आठवला. त्या सगळ्यांच्या मधे जो एक आवाज असायला हवा होता, तो मला सापडेना.

"असाच होता, आपा," मी म्हणाले. "आत्ता बोलल्या, तसाच."

आपांनी आपलंच वाक्य पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं. "माहा आवाज कसा होता." कान देऊन ऐकलं. मग सावकाश मान हलवली.

"नाई बेटा," त्या म्हणाल्या. "हा अम्मीचा हाये."